कापलेली स्विस रायफल आणि माझी इतर मालमत्ता

मी, मर्ना रूथ होल्मक्विस्ट, दिवंगत व्हर्नन होल्मक्विस्ट यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी कारखान्यात हॉकीच्या काठ्या घडवण्याचा, आता निवृत्त, राहणार टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा कागद दिला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दीर ऑर्विल याने चाळीस वर्षे ते आणून पाहिले, उपयोग झालेला नाही. व्हर्न गेल्यावर १९९९ साली घाईघाईने केलेले मृत्युपत्र या लिखाणाने रद्द समजावे.

१. राहते घर, मागची सौनाची म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, गाडी आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या बहिणीची मुलगी जनेल हिला द्यावे. आम्हाला मूल झाले नाही. त्यावरून चर्चमधल्या बायकांनी पुरेशी हळहळ केलेली आहे, आता अंत्यविधीला नवीन नको. जनेलने घर विकले तरी माझी हरकत नाही. सौना मात्र दर शनिवारी तापवणाऱ्यालाच विकावी.

२. मोठ्या फ्रीझरमधले हरणाचे मांस आणि सॉसेज अंत्यविधीच्या जेवणाला वापरावे. पुडक्यांवर तारखा आहेत. तीन वर्षांपूर्वीचे पुडके कोणीतरी ऑर्विलला वाढेल, तर त्याला माझी संमती आहे असे समजावे.

३. गॅरेजमधली कार्यशाळा, म्हणजे सगळे रंधे, पटाश्या, कानशी, दोन शिकंजे आणि मी स्वतः केलेल्या मुठी, गावच्या हायस्कूलच्या सुतारकामाच्या वर्गाला द्याव्यात. अर्धगोल कानस शिक्षकाने स्वतःच्या खणात ठेवावी. ती तीस वर्षे माझ्या हातात होती आणि नवख्याच्या हातात ती लाकूड चावते.

४. ऑर्विलला मी काहीही ठेवत नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळत नाही त्याला साक्षीदार होता येते. म्हणून त्याला साक्षीदार केले आहे. त्याने १९८८ साली नेलेली माझी पाणसळ, सपाटी तपासायची, जनेलला परत करावी.

५. माझी रायफल जनेलला. ही स्वित्झर्लंडच्या सैन्याची, त्यांनी मोडीत काढलेली, मी २००३ च्या शरदात ऑर्विलच्या हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेली. व्हर्नची रायफल लांब आणि जड होती, माझे हात आखूड आहेत. हिची काडतूस भरायची खिट्टी फिरवावी लागत नाही, सरळ मागे ओढली की काम होते, हे मला पहिल्या दिवशीच आवडले. बाकी रूप मात्र पलटणीचे. नळीच्या टोकापर्यंत लाकूड, वर लाकडाचेच झाकण, संगिनीचा आकडा, आणि खांद्याला टेकवायच्या दस्त्याची खालची बाजू कुत्र्याने चघळल्यासारखी. स्विस शिपाई बुटांचा बर्फ दस्त्यानेच झाडत, असे ऑर्विल सांगतो.

ऑर्विलकडे अशा एकोणीस जुन्या रायफली आहेत, एकीलाही ओरखडा नाही आणि एकीनेही हरीण पाहिलेले नाही. मी करवत उचलली तेव्हा तो गॅरेजच्या दारात उभा राहून म्हणाला, "मर्ना, सगळ्या भागांवरचे क्रमांक जुळणारी बंदूक आहे ही. तू तिचा कान कापलेला ससा करणार." मी म्हणाले, मला रानात न्यायची आहे, संग्रहालयात नाही. पुढचे लाकूड कापले, टोक गोल केले, वरचे झाकण काढले, आकडा काढला. चघळलेला भाग पॉलिशपेपरने गुळगुळीत केला, आठ दिवस जवसाचे तेल पाजले. चार पौंडांच्या मांजरीसारखी खांद्यावर बसू लागली. उरलेले तुकडे, झाकणासकट, शनिवारी सौनाच्या भट्टीत टाकले. जुने अक्रोडाचे लाकूड पटकन पेटले.

दस्ता माझ्या हाताच्या मापाने आखूड करणे तेवढे शेवटी राहिले होते. त्यासाठी मागची लोखंडी पट्टी काढली तर आत घडी केलेला कागद. टंकलिखित. आल्बिन त्सुर्फ्ल्यू, जन्म १९२६, पलटणीचा क्रमांक, आणि एमेन खोऱ्यातल्या एका गावाचा पत्ता. ऑर्विलला दाखवला तर म्हणाला, त्या लोकांची रीतच आहे ती, रायफल घरी कपाटात ठेवत आणि पट्टीखाली नाव. मला आधी का नाही सांगितलेस, असे विचारले, तर म्हणाला, तू कधी माझे ऐकतेस म्हणून सांगायचे.

मी जन्माची चौकस. बंद रेडिओ, शेजाऱ्याचा पंप, पाद्रीबाबांचे ऑर्गन, उघडून पाहिले नाही असे काही सोडलेले नाही. एका माणसाचा पत्ता हाताशी आल्यावर गप्प बसणे शक्यच नव्हते. मी पत्र टाकले.

६. या कलमात मी काही वाटून देत नाही, कबूल करते.

सात आठवड्यांनी उत्तर आले. आल्बिन जिवंत होता, सत्त्याहत्तर वर्षांचा, चीज करणारा. त्याला इंग्रजी येत नव्हते. तो सांगे आणि त्याची मुलगी रेगुला, जी रेल्वेच्या तिकिटखिडकीवर काम करायची, ती लिही. रायफल कशी आहे, अजून डावीकडे किंचित मारते का, असे विचारले होते. मग लिहिले होते की, १९५२ च्या नोव्हेंबरात, नऊ तारखेला, तो सैन्याच्या सरावाला गेला असताना त्याला पहिली मुलगी झाली, व्रेनी. तार आली त्या संध्याकाळी त्याने नळीवरचे लाकडी झाकण काढून त्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने मुलीचे नाव आणि तारीख कोरली, साहेबांना दिसू नये म्हणून आत. व्रेनी पाचव्या वर्षी घटसर्पाने गेली. पुढे रायफल सरकारला परत करावी लागली तेव्हा त्याची बायको रोझली दोन दिवस जेवली नव्हती. ते नाव अजून तिथे आहे का? असल्यास फोटो, नाहीतर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा पाठवता येईल का? बायको रोज टपालाची वाट पाहते आहे.

पत्र वाचले आणि मी सौनात जाऊन भट्टीचे राखेचे भांडे उपसले. दोन महिन्यांची राख, त्यात काय मिळणार. सगळ्या जगाच्या वस्तू उघडून पाहणारी मी, आणि ते झाकण उलटे करूनसुद्धा पाहिले नव्हते.

खरे लिहायला बसले, तीन वेळा. "वाट पाहते आहे" या शब्दांपाशी येऊन तीन वेळा कागद फाडला. मग गॅरेजमध्ये जुन्या अक्रोडाचा एक तुकडा शोधला, आतून झाकणासारखा खोलगट कोरला आणि खिळा घेतला. पत्राच्या लिफाफ्यावर त्याने पत्ता स्वतः लिहिला होता, त्यावरून त्याचा एक आणि नऊ कसा असतो ते गिरवले. व्रेनी, ९. ११. १९५२. तीन दुपारी लागल्या. नावातल्या एन (N) अक्षराशी खिळा रेषेत घसरला आणि शेवटचा दांडा खाली पळाला. नवीन तुकडा घ्यायला हवा होता, पण घेतला नाही. तसाच ठसा काढून पाठवला. फोटो काढला असता तर ताजे कोरलेले कळले असते.

उत्तर लगेच आले. बायको ठसा छातीशी धरून बसली आहे, असे आल्बिनने कळवले. आणि खाली, "तो एन! त्याच वेळी नाईकाने हाक मारली होती." माझी चूक त्याने स्वतःची म्हणून ओळखली होती.

त्यानंतर दर नाताळाला पत्रे चालू राहिली, आणि मी दर वेळी रायफल जशीच्या तशी आहे असे लिहीत राहिले. २००९ मध्ये रोझली गेली. ठसा तिच्या हातात देऊन तिला पुरले, असे रेगुलाने कळवले. माझे अक्षर त्या बाईच्या हातात त्या खोऱ्यात आहे. याची मला लाज वाटते, आणि कधी कधी वाटत नाही. दोन्ही लिहून ठेवते.

७. यंदा फेब्रुवारीत आल्बिन गेला. मार्चमध्ये रेगुलाचे पत्र आले, ते जसे समजले तसे सांगते. शेवटच्या आठवड्यात बापाने तिला सांगितले की त्याने नाव कधी कोरलेच नव्हते. सरकारी रायफलवर ओरखडा काढला तर शिक्षा होती, आणि तो घाबरला. सुट्टीवर घरी आल्यावर बायकोला खूश करायला मात्र कोरले म्हणाला. व्रेनी गेल्यावर रोझली कपाट उघडून त्या लाकडावर हात ठेवून उभी राहायची, आणि तेव्हा त्याला खरेही सांगता येईना आणि खरोखर कोरायलाही हात उचलेना. मला विचारायला लावले ते रोझलीने. तो नाही असे उत्तर येण्याची वाट पाहत होता. आणि ठसा आला.

बायकोसमोर त्याने हो हो म्हटले, नाईकाची हाक बनवली. मग पुढची सगळी वर्षे विचार करत राहिला. शेवटी म्हणू लागला की कदाचित मी कोरलेच असेन आणि विसरलो असेन. "लाकूड तुमच्या हातात होते," रेगुलाने लिहिले आहे. "तुम्हीच सांगू शकता. नाव होते का?"

८. वरील कारणाने सर्व वारसांना सूचना. माझ्या घरातली कोणतीही वस्तू जाळण्यापूर्वी किंवा फेकण्यापूर्वी उलटी करून पाहावी.

९. ~~रेगुला त्सुर्फ्ल्यू हिच्यासाठी बंद लिफाफा टेबलाच्या खणात आहे. त्यात सर्व खरे लिहिले आहे. तो माझ्या मृत्यूनंतर तिला पाठवावा.~~

कलम ९ खोडले आहे. खोडण्याचे कारण असे.

आज सकाळी सह्या करायला ऑर्विल आणि आमची टपालवाली लव्हॉन ट्वेटेन दोघे आले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण ऑर्विलने वाचला. कॉफी थंड होईपर्यंत वाचत होता. मला वाटले, झाकण जाळल्याबद्दल आता चौदा वर्षांचे उट्टे काढणार. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला, "मी सही करत नाही."

मी विचारले, का.

"तू मेल्यावर तिला लिफाफा मिळणार. तिने काही विचारायचं असेल तर कुणाला विचारायचं? मला? मला तर तू पाणसळसुद्धा ठेवली नाहीस."

लव्हॉनने फोन उचलून माझ्यासमोर ठेवला; रेगुलाच्या पत्रावर तिचा नंबर होता. इकडे दहा वाजले होते, तिकडे पाच. रेगुलाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, जरा घोगरा. मी सगळे सांगितले, करवतीपासून सुरुवात करून, मध्ये न थांबता. थांबले असते तर फोन ठेवला असता.

मग तिने विचारले, "म्हणजे झाकणाच्या आत काही होतं की नव्हतं?"

"मला माहीत नाही. मी पाहिलं नाही. आता कुणालाच कळणार नाही."

"आणि आईच्या हातात दिलं ते तुम्ही कोरलेलं."

"हो." मी माफी मागितली. ती तिने ऐकली की नाही कळले नाही.

"तुम्हाला ते पत्र लिहीपर्यंत आमच्या घरात व्रेनीचं नाव कुणी काढत नव्हतं," ती म्हणाली. "मी तिच्यानंतरची. मला ते नाव लाकडात कोरलेलं पहिल्यांदा तुमच्या ठशावर दिसलं, चव्वेचाळीस वर्षांची असताना. बाबांना ती होती त्या पाच वर्षांत कोरायला जमलं नाही. तुम्हाला किती वेळ लागला?"

"तीन दुपारी."

"तीन," ती म्हणाली, आणि मग रडली. मीही. ऑर्विल उठून खिडकीशी गेला आणि पक्ष्यांचे दाणे संपलेत असे कुणालाही उद्देशून नसलेले वाक्य बोलला.

डोळे पुसून झाल्यावर तिने तो अक्रोडाचा तुकडा अजून आहे का, असे विचारले. आहे, कार्यशाळेत खिळ्यांच्या डब्यामागे, मी म्हणाले; मृत्युपत्रात तुमच्या नावावर करते.

"मृत्युपत्रातून नको," रेगुला म्हणाली. "पोस्टानं पाठवा. याच आठवड्यात."

तुकडा जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून खोक्यात घातला आहे. पत्ता मी लिहिला, जकातीचा कागद लव्हॉनने भरला, आणि त्यावर "लाकडाचा तुकडा, हाताने कोरलेला" असे लिहिले. खोके तिच्या गाडीत आहे. सबब सही करतेवेळी तो माझ्या मालमत्तेत नाही आणि त्यावर कोणाही वारसाने हक्क सांगू नये.

वरील सर्व मजकूर माझा आहे. खाडाखोड माझी आहे आणि तिच्यावर तिघांच्या सह्या आहेत. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, आणि मी त्यांना.

सही: मर्ना रूथ होल्मक्विस्ट

साक्षीदार:
१. ऑर्विल होल्मक्विस्ट (पाणसळीचा उल्लेख अमान्य करून)
२. लव्हॉन ट्वेटेन

ठिकाण: टॅमरॅक फॉल्स, मिनेसोटा
दिनांक: १८ एप्रिल २०१७