टोपल्यांची राखण

३ नोव्हेंबर, सोमवार

उर्श्याला मयतीला जाऊन आले. तारा गेली. माझी लहानपणची जोडीदारीण, माझ्याच वयाची. मास्तरांचं भाषण ऐकलेली आता मी एकटीच उरले, असं तिथं जो तो सांगत होता. एक जण तर पाया पडला. तारा असती तर पदराआडून चिमटा काढला असता.

ही वही प्राचीताईनं दिली. ती पुण्याची. मास्तरांच्या भाषणावर फिल्म करते. म्हणाली, आजी, रोज आठवेल ते सांगा, सूनबाई लिहितील. शूटिंग झालं की वही मी नेईन. मला अक्षर येत नाही, म्हणून सुरेखा लिहिते. माझं न्हाई-व्हय पुसून शहरी करते. कर बाई. मला कुठं वाचता येतंय.

५ नोव्हें.

प्राचीताई आली. लोणावळ्याला हॉटेलात उतरलीय. मावळच्या म्हातारीला लोणावळ्याची चिक्की आणली. आधी दात मोजायचे होते.

भाषणाचं सगळं परत विचारलं. सांगितलं. आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मास्तर मुंबईहून आले. दिवसा गिरणीत, संध्याकाळी पोरं शिकवायचे. नदीकाठी पाच-सहा गावची आमची माणसं जमली. घरोघरचे देव टोपल्यांत घालून आणलेले, भाषण झालं की डोहात सोडायचे म्हणून. मी सात-आठ वर्षांची.

टेपवर कुणी घेतलं नाही. ऐकणाऱ्यांनी सांगितलं तेवढंच राहिलं. 'आजपासून पाणी मागायचं नाही, प्यायचं.' आणि दुसरं, 'घरात पहिली पाटी पोरीची.' हे तर विहाराच्या भिंतीवर रंगवलंय. सुरेखा अंगणवाडीतल्या पोरींकडून म्हणवून घेते. फिल्मचं नावही तेच ठेवणार.

प्राचीताई म्हणाली, पाटीचं वाक्य आलं तेव्हा लोकांनी काय केलं?

म्हटलं, टाळ्या वाजल्या. तीनदा. टाळ्यांचं खोटं नाही.

८ नोव्हें.

मुलगा फर्स्ट शिफ्टला, सुरेखा अंगणवाडीत. दिवसभर घरात मी आणि कोंबडी. कोंबडीला भाषण म्हणून दाखवलं. टाळ्या नाहीत.

ह्यांची आठवण. हे दरवर्षी विहारात उभं राहून भाषण म्हणायचे. ह्यांनी ते खरोखर ऐकलेलं, पुढच्या रांगेत बसून, मास्तरांच्या पायाशी. हे गेल्यावर मी म्हणू लागले. माणसं मोबाइल वर धरून घेतात. झालं की चहा पितात, गाड्या काढतात. पुढच्या वर्षापर्यंत कुणी...

असू दे. तेल संपलंय, तेवढं लिही. सुरेखा म्हणते वही त्याच्यासाठी नाही.

११ नोव्हें.

शूटिंग. नदीवर खुर्ची नेली. कॅमेरावाला, प्राचीताई, सुरेखा. प्राचीताई म्हणाली, आजी, तुम्ही कुठं बसून ऐकलंत तिथं घेऊन चला.

पाय गेले. मी नाही गेले, पाय गेले. काठाकाठानं खाली, डोहाजवळच्या उंबराशी. तिथं खडक आहे, अजून तसाच. बसले. बसल्यावर कळलं काय केलं ते.

कॅमेरावाला मागं बघतो, पुढं बघतो. मास्तर उभे होते तो दगडी वटा कुठल्या कुठं, वळणापलीकडं. म्हणाला, आजी, इथून ऐकू येत होतं?

म्हटलं, तवाच्या माणसांना आवाज व्हता. तुमच्यावाणी वायरी लावून बोलत नव्हते.

हसले सगळे. प्राचीताई हसली, पण तिनं सुरेखाला वट्यावर पाठवलं. सुरेखा, सगळं जोरात म्हणा, आजी ऐकतायत असं घेऊ. सुरेखानं म्हटलं. लांबून तिचा हात हललेला दिसला, लाल साडी दिसली. नदीचा आवाज, वारा. एक अक्षर नाही. कॅमेरा माझ्या तोंडावर. मी मान डोलवत राहिले.

सुरेखा परत आली. विचारलं, आलं का ऐकू? मी म्हटलं, व्हय. ती माझ्याकडं बघत राहिली. मी सात वर्षांची असताना माझ्या आत्यानं असंच विचारलं होतं. तेव्हापण मी व्हयच म्हटलं होतं.

१२ नोव्हें.

आज फक्त तारीख लिही.

१३ नोव्हें.

लिही. मध्ये बोलू नको.

देव टोपल्यांत होते ना, त्यांना कुत्र्यांनी तोंड लावू नये, दुसऱ्या वस्तीतल्या कुणी उचलून नेऊ नये म्हणून राखणीला दोन पोरी बसवल्या. मी आणि तारा. उंबराखाली. मोठी माणसं भाषणाला गेली. आम्ही किती वेळ बसलो. मग तारानं कुणाचा खंडोबा काढला, मी कुणाची काळूबाई काढली. लग्नं लावली. पाच घरच्या देवांची सोयरीक आम्ही जुळवली, उंबराच्या पानावर जेवायला वाढलं. वळणापलीकडून टाळ्या आल्या, तीनदा. मग माणसं आली. घाईघाईत देव कुठल्याही टोपलीत कोंबले. कुणाचे देव कुणाच्या हातानं बुडाले ते आम्हा दोघींनाच ठाऊक. आता मला एकटीला.

भाषण मी ऐकलं नाही. जे येतं ते ह्यांच्या तोंडून आलेलं. त्या दिवशी नदीवर होतो म्हणजे ऐकलं, असंच सगळ्यांनी धरलं. मीपण धरलं.

पुढचं. पाटीचं वाक्य मास्तरांचं नाही. माझं आहे. भाताच्या लावणीला बायका म्हणायच्या, अनुसा, भाषण सांग. चिखलात वाकून सांगायची. एका पावसाळ्यात कंबर मोडलेली, शेजारच्या ओळीत एक बाई तिच्या पोरीला शाळेतून काढायचं म्हणत होती, धाकटा सांभाळायला. माझ्या तोंडून निघून गेलं, मास्तर म्हणाले घरात पहिली पाटी पोरीची. ती बाई तशीच उभी राहिली, हातात रोपं.

ती बाई तुझी आई, सुरेखा.

१६ नोव्हें.

दोन दिवस वही बंद. त्या दिवशी इथवर लिहून सुरेखानं पेन ठेवलं. चूल, भांडी, अंगणवाडी, सगळं करते. माझ्याशी बोलते ते जेवा आणि गोळी घ्या एवढंच.

आज दुपारी भात पाखडताना म्हणाली, "आत्या, माझ्या बापानं मला शाळेत ठेवलं ते मास्तरांचं वाक्य म्हणून. तुमचं म्हणून ठेवलं असतं?"

"न्हाई. म्हणून तर मास्तरांचं म्हणले."

सूप तसंच हातात. मग पाखडू लागली. कोंडा माझ्या अंगावर उडत होता. सरकले नाही.

मग विचारलं, मामांना माहीत होतं? मामा म्हणजे हे. काय सांगू. लावणीनंतर बायकांनी ते वाक्य घरोघर नेलं, फिरून ह्यांच्या कानावर आलं. पुढच्या कार्यक्रमाला हे विहारात उभे राहिले, भाषण म्हटलं आणि शेवटी पाटीचं वाक्य म्हटलं. माझ्याकडं बघून. समोर बसून ऐकलेला माणूस. त्यांना माहीत नसणार कसं? घरी येऊन म्हणाले, कालवण चांगलं झालंय. कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. आता सांगावं तर भिंतीवरचा फोटो नुसता बघतो.

१८ नोव्हें., मंगळवार

प्राचीताई आज वही न्यायला येणार.

सकाळी सुरेखा म्हणाली, ही पानं दिली तर भिंतीवरचं वाक्य पुसतील. पोरी काय म्हणतील? मी म्हटलं, फाड मग. म्हणाली, फाडली तर ते वाक्य तुमचं आहे हे कुणालाच कळणार नाही. मी म्हटलं, तुला कळलं की. म्हणाली, मी एकटीनं घेऊन काय करू?

तेच तर. मी काय केलं इतकी वर्षं?

मग वही घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ. कागदाचा आवाज आला की नाही, नक्की सांगता येत नाही, कुकर शिट्टी देत होता. बाहेर आली, डोळे पुसलेले. वही हातात दिली. मी बोटानं पानं चाळली. जाड लागली. पण कोरी किती, लिहिलेली किती, मी सांगितलेलं किती आणि तिला पटलं ते किती, मला कसं कळायचं?

म्हटलं, वाचून दाखव. तिनं वाचून दाखवलं, पहिल्यापासून. सगळं होतं. टोपल्या, काळूबाई, तिची आई. पण वाचताना ती वहीकडं बघत होती का माझ्याकडं, ते मला चष्म्याशिवाय दिसलं नाही. पाठ तिचंही चांगलं आहे. शेवटी माझीच सून.

चष्मा मागितला नाही.

दारात गाडी थांबलीय. प्राचीताई हाक मारते. सुरेखा अजून लिहितेच आहे. म्हटलं, ऊठ, पाणी दे तिला आधी. म्हणाली, थांबा आत्या, एवढं एक वाक्य.

मी तर लिहायला काहीच सांगितलं नव्हतं.