चेन पडली

बाबा, मी सायकल चालवायची शिकवणी लावली आहे. हसू नका. दांडीखालून पाय घालून ज्याला तुम्ही सहाव्या वर्षी कैची शिकवली, त्या तुमच्या टकल्या मुलाला आता पुण्यातलं एक पोरगं मोबाइलवरून सायकल शिकवतं. त्याला कोच म्हणायचं. मला तो सर म्हणतो, आणि फारच खूश झाला तर चॅम्प. वाशीमच्या शाळेत आख्खी नोकरी मास्तरकीत घालवलेल्या माणसाला चॅम्प! डोंबल माझं.

दर रविवारी त्याचा तक्ता येतो. सोमवारी चाळीस मिनिटं, ठोके अमुकच्या वर न्यायचे नाहीत. मंगळवारी आराम. आरामाचाही हुकूम सुटतो, बाबा. छातीला पट्टा बांधायचा, तो ठोके मोजतो आणि परस्पर पुण्याला चुगली करतो. बिटाचा रस प्यायचा, अंगाला चिकटलेली चड्डी घालायची. त्या चड्डीवर पहिल्यांदा किन्हीराजा गावच्या हॉटेलात चहाला उतरलो, तर एक म्हातारा म्हणाला, "काय गुरुजी, पॅन्ट घरीच इसरले काय?" सगळं हॉटेल खिदळलं. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, काळे चष्मे लावून तुरीच्या शेतासमोर फोटो काढणारा. निंदणाऱ्या बाया मान वर करून पाहतात आणि पुन्हा कामाला लागतात. त्यांचं बरोबरच आहे. पण गेल्या वर्षी दोनशे किलोमीटरच्या राइडमध्ये मी एकटाच मागे पडलो आणि सायकल टेम्पोत घालून घरी आलो. यंदा ती ठरल्या वेळात पुरी करून दाखवायची, एवढ्याचसाठी ही सगळी थेरं.

तुमच्याकडे कसला तक्ता होता? जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर. पावसाळ्याच्या आधी गुरांना फऱ्या रोगाची लस टोचायला गावोगाव जायचं, कॅरिअरला बर्फाचा डबा, त्यात लस. शाळेला सुट्टी लागली की दांडीवर मी. किन्हीराजाच्या अलीकडे तो चढ येतो, आणि चढ अर्धा झाला की तुम्ही दर वेळी उतरता. "चेन पडली वाट्टे," म्हणता. वाकता, चेनला हात लावता, तेलकट बोटं फडक्याला पुसता, जरा वेळ उभे राहता. मग उरलेला चढ सायकल हातात धरून. मला वर्षानुवर्षं वाटायचं, आपल्या सायकलची चेनच मेली खराब आहे.

बारा वर्षांचा होतो तेव्हा. लोक लशीसाठी बैल घेऊन त्या दिवशी चढाच्या माथ्यावरच्या कडुलिंबाखाली थांबले होते, त्यांत माझ्या वर्गातली दोन पोरं. त्यांच्यासमोर माझा बाप सायकल ढकलत येणार, याची मला भयंकर लाज वाटली. तुम्ही "चेन पडली" म्हणालात आणि मी दांडीवरून उडी टाकली, वाकून पाहिलं, आणि वरपर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो, "चेन त जाग्यावरच हाय! बाबाले चढ चढताच येत नाई!" लोक हसले. तुम्ही मला मारलं नाही. "चाल, बर्फ वितळून राह्यला," एवढंच म्हणालात. पण त्यानंतर त्या चढावर तुम्ही कधी उतरला नाहीत. दात आवळून, उभ्यानं पायडल मारत वर न्यायचात, आणि मी दांडीवर बसून ऐटीत इकडेतिकडे पाहायचो. पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय.

गेल्या आठवड्यात कोचचा फोन आला. "सर, एका ठरावीक चढावर तुमचे ठोके वेडेवाकडे होतायत. तीन राइड्समध्ये तेच दिसतंय."

"पट्टा सैल असेल."

"पट्टा नवा आहे, सर. घरात कुणाला हार्टचा त्रास होता का?"

"नाही," मी म्हणालो.

"तरीपण आधी कार्डिओग्राम काढा. तोपर्यंत तुमचा तक्ता बंद."

फोन ठेवला आणि त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. ज्यानं तो चढ कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्या दीडशहाण्यानं मला थांबवावं? रविवारी पट्टा घरी टाकला, बायकोला खोटं सांगितलं आणि निघालो. चढ अर्धा झाला आणि छातीत कुणीतरी मूठ आवळली. पाय आपोआप खाली टेकले.

मोटरसायकलवर खताचं पोतं घेऊन एक जण येत होता, थांबला. "काय झालं जी?"

"चेन पडली," मी म्हणालो. बाबा, शपथ सांगतो, ठरवून नाही म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

त्यानं चेनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "हौ जी, पडते कधी कधी," म्हणाला, गाडी बंद केली, आणि मला नीट श्वास येईपर्यंत सोयाबीनच्या भावावर एकटाच बोलत माझ्या बाजूला उभा राहिला. मग मी सायकल हातात धरून कडुलिंबापर्यंत चालत गेलो आणि तिथं बसून रडलो. त्या चड्डीत.

उद्या अकोल्याला जायचं आहे, तपासणीला. बायको सोबत येते आहे, तिला सगळं सांगितलं. त्या पोराला काल लिहून टाकलं, घरात त्रास होता, वडिलांना. कबूल करायला जिवावर येतं, पण शहाणा निघाला कार्टा. त्याचा लगेच उलटा मेसेज, "तुम्हाला आधी माहीत नव्हतं का, सर?"

त्याला काय सांगू? हे पत्र घडी करून तुमच्या बर्फाच्या डब्यात ठेवणार आहे, तो अजून माळ्यावर आहे. त्याच्या मेसेजला मी उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला देतो. माहीत होतं, बाबा. चेन पाहायला वाकलो आणि मान वर केली, तेव्हा तुमचा हात छातीवर होता, ओठ काळेनिळे पडले होते. ते पाहिलं, आणि मग ओरडलो.