राणी कलरचा तंतू

आबा,

तो राणी कलरचा तंतू तुमच्या शर्टाचा होता. एवढं एक वाक्य शेठसमोर म्हणायचं होतं, तेही गुजरातीत, जी भाषा तुम्ही घरच्या अहिराणीइतकीच फर्डी बोलायचात. म्हटलं नाहीत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी कुणाचं जुनं सीडीचं मशीन उघडलं की आधी मला तुमचा राग येतो आणि मग मी स्क्रू ठेवायला वाटी शोधते. माणूस गेल्यावर राग ओसरतो म्हणे. कोण म्हणतं कुणास ठाऊक, त्यांचे आबा वेगळे असतील.

गोडादरा वस्तीतली आपली ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. पुढे झोपायची जागा, मागे स्वयंपाकाची, आणि बाहेर गल्लीभर लूमची खडखड. तुम्ही शेडमध्ये मिस्त्री, बिघडलेले लूम लावून देणारे, आणि पाळी सुटली की घरी रेडिओ, टेप उघडून बसणारे. नव्वदच्या पुढे शहरात नवीन मशीनं आली, तशी आधीची जड जड मशीनं, कुणाच्या भावाने आफ्रिकेतून आणलेली, कुणाच्या मामाने दुबईहून, बिघडून आपल्याकडे यायला लागली. स्टेशनकडच्या दुकानवाल्या शेठने ती पाठवायची, स्कूटरच्या पायापाशी उभी करून. दुकानातल्या कारागिरांना त्यांचा कंटाळा. गाणं अडकलं की ते लेझरचा प्रीसेट पिळायचे, म्हणजे आतला तो बारीक स्क्रू फिरवून लेझरचा जोर वाढवायचा. मशीन थोडे दिवस छान गाणार आणि मग कायमचं गप्प होणार. खरं दुखणं भलतंच असायचं. आपल्या भागात धाग्याचं तूस कुठे नसायचं? डाळीत, उशीत, केसांत, लहान मुलांच्या नाकात. तेच लेन्सवर बसायचं. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून, लेन्सवरून अलगद फिरवला की निम्मी मशीनं तिथेच बरी व्हायची.

हे मी शोधून काढलं, आबा. तुम्ही नाही. तुम्ही मला कान दिलात, ते मी नाकारत नाही. सीडी फिरताना आतून जी सळसळ येते ती ऐकायला तुम्ही शिकवलंत. लेझरचा सोडून दुसरा कुठला प्रीसेट लावायचा तर डावीकडे सरकवत जा, गाणं अडखळलं की थांब, मग उजवीकडे सरकव, तिकडे अडखळलं की थांब, आणि दोन्हींच्या मधोमध आणून सोड. लूमचा ताण तुम्ही असाच लावायचात. पण फिरवण्याआधी मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, ही युक्ती माझी. आधी किती हसलात! "मशीनले टिकली लावस का?" म्हणालात. नंतर माझी बाटली तुम्हीच संपवलीत. मशीनं उघडायची त्या स्वयंपाकघराच्या दाराला मायचं ओलं लुगडं टांगायचं, म्हणजे बाहेरचं तूस त्याला चिकटतं, हीसुद्धा माझीच. आणि सगळ्यात मोठा नियम, शेडमधून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय उघड्या मशीनपाशी यायचं नाही. तो नियम घरात सगळ्यांना होता. तुम्हालाही होता.

आणि मग शेठ म्हणाला ते. गणपती उठले होते, नवरात्र तोंडावर आली होती, आणि त्याने स्वतःच्या घरचं मशीन आणून माझ्यासमोर ठेवलं. त्याच्या भावाने नैरोबीहून आणलेलं, शेठाणीचा त्या मशीनवर जीव, दोन ठिकाणी दाखवून झालेलं. "आ छोकरी करे," तो म्हणाला. ही बरोबर लावून देईल तर दिवाळीनंतर तिला दुकानात पाठवा, मी टेबल देतो. टेबल, आबा! माझं स्वतःचं टेबल, वर दिवा, शेजारी मोजायचं यंत्र, जे आपण फक्त त्याच्या दुकानाच्या काचेतून बघितलेलं. गल्लीतल्या माझ्या वयाच्या पोरी साड्यांचे धागे कापत बसलेल्या, आणि मला टेबल मिळणार होतं. मला त्या रात्री झोप आली नाही, हे मायला ठाऊक होतं. तुम्हाला होतं का, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्या मशीनवर मी जीव ओतला. सकाळी ते माझ्या ओरखड्यांच्या सीडीवर, जी भल्याभल्या मशीनांना गोत्यात आणायची, शेवटपर्यंत न अडखळता गायलं. झाकण तेवढं बसवायचं बाकी होतं. नळाला पाणी आलं म्हणून मी हंडा घेऊन गेले, आणि परत येते तर तुम्ही पाळीवरून आलेले, अंगात शेडचा शर्ट, ओलं लुगडं बाजूला सारून मशीनवर वाकलेले. त्या दिवसांत तुमच्या शेडमध्ये राणी कलरच्या जॅकार्ड साड्यांची ऑर्डर चालू होती. तुमच्या भुवया राणी, कानातले केस राणी. मी दारातूनच ओरडले, "आबा, शर्ट!" माय चुलीपासून म्हणाली, "पह्यले आंग धुई ल्या." तुम्ही काय म्हणालात? "फक्त पाही राह्यनू." फक्त बघतोय! बघताना माणसाच्या बाह्या कुठे जातात? आणि तेवढ्यात बाहेर शेठची स्कूटर वाजली, तुम्ही घाईने झाकण ठेवलंत, स्क्रू आवळलेत, आणि मशीन पुढच्या खोलीत नेऊन ठेवलंत.

पुढचं मी वर्तमानकाळातच लिहिते, कारण ते माझ्यासाठी कधी संपलेलंच नाही. शेठ खुर्चीत बसलाय. सीडी आत जाते. भजनाची पहिली ओळ येते आणि दुसऱ्या शब्दावर अडकते, तोच शब्द, परत तोच, परत तोच. शेठ माझ्याकडे बघतो. मी तुमच्याकडे बघते. आणि तुम्ही, ज्यांनी आत्ता पाच मिनिटांपूर्वी त्यात डोकं घातलं होतं ते तुम्ही, माझ्यावर गरजता, "तुले कितला सांगं, हात नको लावू! पोरले काय समजस यामा!" वर शेठला गुजरातीत समजावता, लहान आहे, उगाच पिळत बसते, मी बघतो. वडिलांना परक्यापुढे खोटं पाडायचं नाही, हे मला तुम्हीच शिकवलेलं. माय मागून माझा दंड धरते. शेठ चहा न घेता उठतो, म्हणतो काले लई जईश, उद्या नेतो. तुम्ही माझ्याकडे मान वर करून बघतही नाही, आबा.

तो गेल्या गेल्या मी झाकण काढलं. लेन्सच्या अगदी मधोमध, नखाच्या चंद्राएवढा, राणी कलरचा तंतू. मी तो काडीच्या कापसावर उचलला आणि तुमच्यासमोर धरला. तुम्ही तंतूकडे बघितलं, मग स्वतःच्या बाहीकडे बघितलं, मग उठून मोरीत गेलात आणि अंघोळ केलीत. अंघोळ! बाहेर येऊन जेवायला बसलात आणि मायला म्हणालात भाजीत मीठ कमी आहे. मला वाटलं, असू दे, घरात नाही बोलणार, पुरुषमाणूस आहे, मान आहे, पण उद्या शेठ आला की सांगतील. मी खरंच तसं धरून बसले होते. उद्याचं वाक्य तुमच्यासाठी मी मनात गुजरातीत जुळवूनही ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन गायलं. गाणारच, त्याला झालं काय होतं? शेठ खूश. "वाह मिस्त्री, हाथ तो तमारो ज!" हात म्हणजे तुमचाच म्हणे. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. वाक्याला जागा होती, आबा. एक अख्खं कडवं गाऊन झालं एवढी जागा होती. आणि तुम्ही म्हणालात, "हा, जरा सेटिंग हली गयेलुं." सेटिंग हललं होतं म्हणे! माझे ठिपके आत जागच्या जागी होते, एकही प्रीसेट केसभर सरकला नव्हता. शेठने मान डोलावली आणि जाता जाता म्हणाला की छोकरी अजून घरीच शिकू दे, दुकानाचं पछी जोईशुं. त्याचं ते 'नंतर बघू' कधीच आलं नाही. दिवाळीनंतर त्या टेबलावर त्याचा कुणी भाचा बसला, आणि त्याने पहिल्याच महिन्यात किती लेझर जाळले ते अख्ख्या बाजाराला माहीत होतं.

आठवड्याभराने माझ्या पाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती. उघडली तर घड्याळवाले वापरतात तसा बारीक टोकाचा चिमटा. तुम्हीच ठेवलेला. त्याच दिवसापासून स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला तुमची एक पांढरी बंडी लटकायला लागली, फक्त मशीनपाशी बसताना घालायची. माय म्हणाली, "दखं का, बापले समजनं." समजलं तर तोंडाने का नाही सांगितलं? चिमट्याने तंतू निघतो हो, माझ्या नावावर बसलेला डाग कसा निघेल? बाजारात वर्षभर मी 'पिळणारी छोकरी' होते. मला कधी कधी असाही संशय यायचा की तुम्हाला मला दुकानात पाठवायचंच नव्हतं, चार परक्या माणसांत पोरगी बसणार हे तुम्हाला पटत नव्हतं, आणि तो तंतू तुमच्या पथ्यावर पडला. हा संशय मी तुम्हाला विचारायला हवा होता. तुम्ही आजारी पडल्यावर मला विचारवेना, आणि मग विचारायला तुम्ही राहिला नाहीत.

मी इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर लागले. वायरींच्या गुंडाळ्या डब्यात भरायच्या, बस पकडायची, घरी यायचं, पोरं वाढवायची. त्यात बरीच वर्षं गेली. आता लोकांना त्याच जुन्या जड मशीनांचं वेड लागलंय. तेव्हा भंगारात देत होते, आता थर्माकोलात गुंडाळून कुठून कुठून पाठवतात, आणि मला म्हणतात मॅडम, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. मॅडम! मी अजून पाटावरच बसते. अंघोळ करते, धुतलेले कपडे घालते, मग झाकण काढते. मोजायचं यंत्र आता माझ्याकडेही आहे, तरी शेवटी कानानेच बघते.

शेठ तुमच्यामागेही पुष्कळ जगला. तुम्ही गेल्यावर तो आपल्या दारावर आला होता, काठी टेकत. बसला, पाणी प्यायला, आणि माझ्याशी बोलता बोलता म्हणाला, मिस्त्री एकदा दुकानात आले होते, त्या नैरोबीच्या मशीननंतर थोड्याच दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी. अंघोळ केलेली, केसांना तेल, इस्त्रीचा शर्ट. कुणाकडे लग्नाला निघाले असतील असं मला वाटलं, शेठ सांगत होता. बाकड्यावर बसले. चहा घेतला. मी विचारलं, काही काम होतं? म्हणाले, ना ना, अमस्तो, सहजच. पुढच्या सुट्टीला परत आले, तसेच नाहून-धुऊन, परत तसेच बसले, आणि परत गेले. "शुं कहेवुं हतुं एमने?" काय सांगायचं होतं त्यांना, त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

आता कळलं का मला राग का येतो? दोनदा गेलात. स्टेशनपर्यंत गेलात, दुकानाची पायरी चढलात, त्याच्या बाकड्यावर बसलात, त्याचा चहा प्यायलात, आणि वाक्य तसंच घेऊन घरी आलात. न गेला असतात तर परवडलं असतं.

हे पाकिटात घालायचं नाही, पाकीट आणलेलंही नाही. फक्त एक आहे. मी ही गोष्ट सगळ्यांना सांगते, पोरांना सांगितली, मशीनं घेऊन येणाऱ्यांना सांगते, तंतू, शर्ट, सेटिंग हललं म्हणे, सगळं तिखटमीठ लावून. पण त्या बाकड्यापाशी मी कधीच नेत नाही कुणाला. तिथवर नेलं की ऐकणारे 'बिचारे' म्हणतील, आणि त्यांच्यामागोमाग मीही म्हणेन. म्हणून तुम्ही तिथे नाहून-धुऊन बसलेले असता, आबा, आणि मी दर वेळी तुम्हाला तिथेच बसवून ठेवून अलीकडेच गोष्ट संपवते.