दाताची पुढची बाजू

८ जाने., गुरु.
दोन्ही परीक्षकांचं उत्तर आलं. किरकोळ दुरुस्त्या, बाकी लेख छापायला हरकत नाही. दोनदा वाचलं, मग नवऱ्याला, मिलिंदला, वाचायला लावलं. "म्हणजे झालं?" झालं.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मला शिकवणाऱ्या देवरे सरांनी गडचिरोलीकडची लाल माती पोत्यांत भरून सिन्नरला आणली, आणि निवृत्त झाल्यावर ती पोती माझ्या गळ्यात मारली. त्यातल्या एकात हा दात निघाला. तांदळाच्या कणीपेक्षा लहान. सस्तन प्राण्यांच्या अगदी सुरुवातीच्या भाऊबंदांपैकी एकाचा, डायनासोरांच्या पायांतून पळणाऱ्या कुणाचा तरी. नवी जात, आणि तिला नाव सरांचं. त्यांना फोन केला. एक्याऐंशीव्या वर्षी माणूस इतका लाजतो हे माहीत नव्हतं.

९ जाने.
सरांनी अख्ख्या कॉलनीला सांगितलंय. काकू म्हणाल्या, दूधवाल्यालासुद्धा. तो म्हणाला, "उंदीर का?" सर त्याच्यावर दहा मिनिटं चिडले होते.

कॉलेजात प्राचार्यांनी नोटीस बोर्डावर माझं अभिनंदन लावलंय. माझं आडनाव चुकलंय, पण असो.

१० जाने., शनि.
एका परीक्षकाला दाताच्या मागच्या तुटक्या कडेचा आणखी जवळून फोटो हवाय. नसती उठाठेव. पुण्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काढलेले फोटो उत्तम आहेत, मी आठ महिने त्यांच्यावरूनच तर लिहिलं. दात डबीत, डबी कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. हरवला तर दुसरा नाही. सोमवारी काढू.

१२ जाने., सोम.
माझ्या हातून पडेल म्हणून दात चिमट्यानं उचलायला शकीलभाईंना सांगितलं. भद्रकालीच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद झाल्यापासून आमच्या लॅबमध्ये मदतनीस आहेत. हा दात मातीतून वेचला तोही त्यांनीच. सूक्ष्मदर्शकाखाली बसवला, स्वतःच बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, ही कड तुटेल नाय. घासेल हे."
म्हटलं, तुटलीये, फोटोत बघा.
"फोटोत चमक कुठं दिसणार? तुटलेलं चमकत नाय. हे दुसऱ्याला घासून घासून गुळगुळीत झालंय. दोन चाकं लागून असली का अशीच चमक येते."
बघितलं. दिवा हलवून बघितलं. चमकते.

घरी आले. जेवले नाही.

१३ जाने.
इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःलाच फसवायला नको. ती चमक शेजारच्या दाताला घासून आलेली आहे. ती एकाच टोकाला आहे, दुसऱ्या टोकाला शेजारी नव्हताच. म्हणजे हा जबड्यातला शेवटचा दात, आणि शेजारी पुढे. मी ज्याला मागची बाजू म्हटलं ती पुढची आहे. डावा म्हटला तो उजवा आहे. सगळं वर्णन उलट. आणि उलटा करून बघितला की हा प्राणी त्याच लाल मातीतल्या एका आधीच माहीत असलेल्या प्राण्यासारखा दिसतो. फार सारखा. म्हणजे नवी जात नसेलही.

हरवायच्या भीतीनं डबीच उघडली नाही मी. मूर्ख बाई. खरी वस्तू चार हातांवर, आणि आठ महिने करड्या फोटोंकडे बघत बसले. परीक्षकांनीही फोटोच बघितले. कुणालाच दिसलं नाही.

१४ जाने., संक्रांत.
मिलिंद तिळगूळ देताना म्हणाला, "फोटोत दिसत नाही ना? मग कुणाला कळणार?" वाईट हेतूनं नाही म्हणाला. मला कळलंय, शकीलभाईंना कळलंय. राग त्याचा नाही आला, मला क्षणभर बरं वाटलं त्याचा आला.

ठरलं. लेख मागे घ्यायचा. पण आधी सरांना तोंडावर सांगायचं, फोनवर नाही.

१८ जाने., रवि.
सिन्नरची बस. डबी रुमालात, रुमाल ब्लाउजमध्ये.

सांगून टाकलं. काकूंनी पोहे आणले, ते गार झाले. मग सरांनी भिंग मागितलं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू. खिडकीपाशी बराच वेळ खटपट केली आणि डबी मला परत दिली. "दिसत नाही. तू वाच."

नवीन वर्णन वाचलं. डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी थांबवलं. "'पुढची बाजू बहुधा ही' म्हणजे काय? तुला दिसली ना?"
"हो."
"मग बहुधा काढ."

शेवटी म्हणाले, "नाव काढलंस ना माझं?" हो म्हटलं. "बरं केलंस." फाटकापर्यंत सोडायला आले आणि फाटक धरून उभेच राहिले. बसमध्ये रडले. बाजूच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

१९ जाने.
संपादकांना पत्र पाठवलं. चूक माझी, कशी झाली ते, कुणी दाखवली ते. शकील शेख हे नाव पूर्ण लिहिलं. नोटीस बोर्डावरचा कागद स्वतः काढला.

२३ जाने., शुक्र.
संपादक: लेख मागे घेतला, खात्री झाली की पुन्हा पाठवा. सभ्य माणूस.

दात रोज बाहेर काढते आता. माहीत असलेल्या प्राण्याच्या या दाताला एका ओळीत तीन उंचवटे, आपल्या डबीतल्याला चार. चौथा अगदी बारीक, पण आहे. ती नवी जात असेल, नाहीतर या एकाच प्राण्यातलं व्यंग. एका दातावरून नाही सांगता येत. दुसरा हवा, तसाच, शेवटचा. सात पोती न धुतलेली आहेत. सरांना कळवलं.

२५ जाने., रवि.
गच्चीवर टब. माती भिजवायची, फुटली की बारीक चाळणीतून धुवायची, उरलेला गाळ वाळवायचा. पाणी बर्फासारखं. मिलिंद न सांगता बादल्या आणत होता. पोतं पहिलं.

३० जाने., शुक्र.
नमाजनंतर शकीलभाई स्वतःचा चिमटा घेऊन आले. पहिल्या पोत्यात माशांचे दात, खवले. आपल्या कामाचं काही नाही. "सहा राहिली ना," म्हणाले.

७ फेब्रु., शनि.
पोतं तिसरं. दुसऱ्यातही काही नाही. बोटं सुजलीत. तिसऱ्याचा गाळ अर्धा चाळला, आणि सरांचा फोन.
"मिळाला?"
"नाही, सर."
"मग फोन कशाला उचललास?"
ठेवला त्यांनी. हात पुसले होते, परत पाण्यात घातले.