मिनी घरी येते

२ फेब्रुवारी
आईच्या खिडकीखाली पुन्हा डबकं. न्हाणीघराचं पाणी तिथेच साचतं. डास आणि वास नको म्हणून आई खिडकी उघडत नाही, दिवसभर लाइट लावून आत एकटी बसते. आमच्या हिचं म्हणणं, फाटकाबाहेरच्या गटारापर्यंत एक चर खणू, कुदळ-फावडं घेतलं की दोन सकाळींचं काम. हिची झेप फावड्यापर्यंतच. मी सेकंडहँड मिनी एक्स्कॅव्हेटर, म्हणजे खणायचं छोटं मशीन, घ्यायचं ठरवलं आहे. चर होईल, मागचा चढ सपाट होईल, जमलं तर तळंही होईल. हिला एवढ्यात सांगायचं नाही.

३ फेब्रुवारी
हिला कळलं. मशीनचे व्हिडिओ बघत होतो तेव्हा मागेच उभी होती. काही बोलली नाही. म्हणजे संमती.

७ फेब्रुवारी
सराव सुरू. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बादल्या, बादल्यांत उभ्या छत्र्या. त्या माझ्या लिव्हर. उजवी ओढली की मशीनचा हात वर, ढकलली की खाली. संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात अख्खं तळं खणून झालं. एक छत्री उघडली आणि काचेचा ग्लास गेला. व्यवसायातले धोके.
एक्स्कॅव्हेटर म्हणताना जीभ वळत नाही. यापुढे नुसतं मिनी.

११ फेब्रुवारी
विक्रेत्याशी फोनवर बोललो. मी भोळा गिऱ्हाईक नाही हे पहिल्याच मिनिटात त्याच्या लक्षात आलं असणार. मिनीचं वय काय, सांधे किती ढिले झालेत, थंडीत सकाळी लगेच उठते का, आधीच्या माणसाने फार राबवलंय का, सगळं विचारलं. राबवलंय थोडंफार, पण अंगात दम आहे, असं तो म्हणाला. मी म्हणालो, आमच्याकडे आली की आरामच आहे तिला.
फोन ठेवला तर आई दारात. म्हणाली, "अरे, मिनीला तिथे बघणारं कुणी नाही का?"
नाही, म्हटलं, आवारात उन्हातान्हात पडून असते. आईचे डोळे भरून आले. तिला लगेच घेऊन ये, माझ्या खोलीत राहील, म्हणाली. मी समजावलं, खोलीत मावायची नाही, बाहेरच ठेवू, वरून ताडपत्री टाकू. आई माझ्याकडे बघतच आत गेली. मशीनवर एवढी माया करणारी बाई मी पाहिली नाही. माझी यंत्रांची आवड तिच्याकडूनच आली असावी.

१५ फेब्रुवारी
मिनी पाहिली. पाहताक्षणी पसंत. पिवळाधमक रंग, इतका ताजा की शर्टाला लागला. व्हिडिओवाला सांगतो, इंजिन सुरू करायच्या आधी हात लावून बघा, गार असलं पाहिजे. मी लावला. चटका बसला. विक्रेत्याने मी येणार म्हणून आधीच गरम करून ठेवलं होतं. अशी माणुसकी आता कुठे राहिली आहे.
हाताच्या टोकाची खणायची बकेट हलवली तर खडखड आवाज. तो म्हणाला, हात मोकळा झालाय, नव्या मशीनचे हात आखडलेले असतात. पटलं. त्याने हात पूर्ण वर उचलून इंजिन बंद केलं आणि चहाला नेलं. परत आलो तर हात आपोआप जमिनीवर टेकलेला. त्याने विचारण्याआधीच मी म्हणालो, ऑटोमॅटिक दिसतंय. त्याने जोरात मान हलवली.
लिव्हरच्या दोन पद्धती असतात, तुमचा हात कोणत्या पद्धतीवर बसलाय, असंही विचारत होता. दोन्हींवर, म्हटलं. छत्र्यांवर सराव केलाय हेही बोलून गेलो, तो विषय त्याच्यासमोर काढायला नको होता. व्यवहार पक्का.

१८ फेब्रुवारी
सकाळी उठून बघतो तर ही परसात फावडं घेऊन. आईनेच मागे लागून काम काढलं म्हणे. मिनी यायच्या आत ते डबकं हटव, बिचारीचे सांधे आधीच गेलेत, त्यात डास चावले तर काय करायची ती. हिने आईला काहीच विचारलं नाही. माझ्याकडे बघून मात्र पदराआड हसत होती.
मी म्हणालो, थांब, हेच करायला मिनी येतेय.
ही म्हणाली, "अहो, जरा सरका. तुम्ही उभे आहात तिथेच खणायचंय."
सरकलो. देखरेख लांबूनही करता येते.

२० फेब्रुवारी
चर पूर्ण. उतार मी डोळ्यांनी तपासला. डबकं गेलं. आता मिनीला काय काम द्यावं हा किरकोळ प्रश्न आहे. मशीनवाल्या माणसाला कामं कमी पडत नाहीत.
आई सकाळपासून गडबडीत. दुसऱ्या पलंगावर नवी चादर, उशीशी पाण्याचा तांब्या, सांध्यांना लावायचं तेल. तेल बरोबर आहे, ग्रीस जास्त बरं पडलं असतं.

२३ फेब्रुवारी
मिनी आली. आई चांगली शाल पांघरून फाटकात उभी. ट्रकमधून मशीन उतरलं, ट्रक गेला, तरी आई रस्त्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "अरे, मिनी कुठाय?"
मी बोट दाखवलं.
आईने अंगावरची शाल काढून घडी केली. मग म्हणाली, "मला वाटलं, बोलायला कुणीतरी येतंय."
ही हसायची थांबली. विषय बदलावा म्हणून मी चढून बसलो आणि प्रात्यक्षिक दाखवायला घेतलं. उजवी दांडी ओढली. हात वर जायच्या ऐवजी कोपरात वळला. छत्र्या वेगळ्या पद्धतीच्या होत्या. सावरायला डावी दांडी धरली तर सगळी मिनी गर्रकन फिरली आणि कपड्यांच्या दोरीचा खांब आडवा झाला. तसा तो कलायलाच लागला होता. आई आत गेली आणि तिने दोन्ही पलंगांच्या चादरी काढून धुवायला टाकल्या.

२४ फेब्रुवारी
खांब नाही, दोरी नाही. पण मशीनवाल्या घरात असल्या अडचणी येत नाहीत. मिनीचा हात पूर्ण वर केला, इंजिन बंद केलं, त्याच्यापासून आंब्याच्या फांदीपर्यंत दोरी बांधली, घरातल्या सगळ्या चादरी वाळत घातल्या. हिला म्हटलं, बघ, दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. मग जेवायला बसलो.
जेवून येईपर्यंत हात खाली. ऑटोमॅटिक. चादरी चिखलात.

२४ फेब्रुवारी, दुपार
चादरी मी धुतोय. हाताने. हिने सांगितलं असं नाही, फक्त साबण आणून समोर ठेवला. न्हाणीघरात जागा पुरत नाही म्हणून परसात, आईच्या खिडकीसमोर बसलो आहे. खिडकी उघडी आहे. आई गजांशी बसून चुका दाखवते आहे: साबण कमी लाव, कोपरा राहिला, लहानपणीही तू असाच अर्धवट धुवायचास. मग बाबांच्या शर्टाची गोष्ट सांगितली, मग शेजारणीची, मग पुन्हा शर्टाची. तासभर झाला, थांबलेली नाही.
पाणी चरातून सरळ गटारात जातं. उतार उत्तम आहे. मीच तपासला होता.