वरचा काटा, खालचा नळ

३ नोव्हेंबर, सोमवार

बसलं एकदाचं! चार माणसं, दोन दिवस, भिंतीला पाच भोकं. जुना बॉयलर गेला, घर गरम ठेवायला हीट पंप आला. दोन्ही मजल्यांना मिळून एकच. घर एक, मीटर एक, म्हणून यंत्रही एक. कंपनीला काय माहीत, या घरातले दोन भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत!

बाहेरचं युनिट मागच्या अंगणात. सासरे गेल्यावर ज्या अंगणावरून सगळं बिनसलं, तेच. तेव्हापासून वरच्या मजल्यावरून हे तिथे पाऊल टाकत नाहीत आणि खालच्या मजल्यावरून थोरले भाऊजीही नाहीत. आता मधोमध यंत्र बसलंय, ऐसपैस. नऊ वर्षांत ताबा मिळाला तो त्याला.

५ नोव्हेंबर, बुधवार

मेकॅनिकबाई समजावून द्यायला आल्या. खिशात पाना, बोलणं तुटक. "सारखं चालू-बंद करायचं नाही. एकवीसवर ठेवा आणि विसरून जा. हे भट्टीसारखं रसरसत नाही, हळूहळू घर उबदार ठेवतं." मग म्हणाल्या, "घरातलं जबाबदार माणूस कोण? सही लागेल."

हे छताकडे बघायला लागले. भाऊजी फरशीकडे. सही मी केली.

बटणं आणि पाण्याच्या प्रेशरचा काटा वर, आमच्या जिन्याजवळच्या कपाटात. पाणी भरायचा नळ मात्र खाली, भाऊजींच्या कोठीत. हे कोणाच्या डोक्यातून निघालं, देव जाणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाऊजी — "त्याला सांग, घर गार पडलंय." हे — "त्याला सांग, स्वेटर घाल म्हणावं." दिवसभर पोस्टाच्या खिडकीत बसते, घरी आले की जिन्यात. फरक एवढाच, जिन्यातल्या टपालाला तिकीट नसतं.

जाऊबाई होत्या तेव्हा त्या अर्ध्या जिन्यापर्यंत वर यायच्या, मी अर्धा खाली. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्या दिवशी हे भाऊजींच्या शेजारी उभे होते, शेवटपर्यंत, खांद्याला खांदा लावून. बोलले मात्र एक अक्षर नाहीत! आता सगळा जिना माझा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पंप बंद. बटणांच्या पाटीवर लाल दिवा. मेकॅनिकबाई आल्या, अंगणात गेल्या, आणि त्यांचा आवाज वरपर्यंत आला — "ही गोधडी कोणी घातली?"

भाऊजींनी. युनिटला, चारही बाजूंनी, दोरी बांधून. "बाहेर गारठत होतं बिचारं," म्हणाले.

बाईंनी न हसता सांगितलं, "काका, हे हवेतली ऊब ओढून आत देतं. याचा श्वास कोंडलात तर तुम्हीच गारठाल. चारी बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवा, पालापाचोळा काढत जा." आणि मला — "आतल्या पाण्याची जाळी दर हिवाळ्याआधी धुवायची. सही तुमची आहे."

भाऊजी अंगणात गेले होते, हे मात्र यांच्या नजरेतून सुटलं नाही. जेवताना म्हणाले, "गेलाच शेवटी तिकडे." आणि दुपारी स्वतः जाऊन पाला झाडून आले! "यंत्रासाठी." बरं.

२ डिसेंबर, मंगळवार

युनिटवर साचलेला बर्फ पंप आपला आपणच वितळवतो, तेव्हा वाफेचे लोट निघतात. पुस्तिकेत लिहिलंय. भाऊजींनी पुस्तिका वाचलेली नाही. बादली घेऊन धावले.

७ डिसेंबर, रविवार

खाली डबा द्यायला गेले. टेबलावर एक फॉर्म. ज्येष्ठांच्या निवासाचा — खोली, जेवण, नर्स. नाव घातलेलं, बाकी कोरा.

"मार्चपर्यंत बघतो," भाऊजी म्हणाले. "इथे दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही गं."

डबा ठेवला, रिकामा उचलला. वर येऊन यांना सांगितलं. हे चावायचे थांबले. मग म्हणाले, "त्याची मर्जी." भाजी तशीच ठेवून उठले.

१४ डिसेंबर, रविवार

आजचं नीट लिहायला हवं.

वरच्या खोल्यांतले गरम पाण्याचे रेडिएटर गुडगुडायला लागले, अर्धे गार. मेकॅनिकबाई फोनवर म्हणाल्या, हवा अडकलीय. छोट्या चावीने हवा सोडायची, म्हणजे प्रेशर पडेल. मग खालून पाणी भरायचं, काटा दीडवर आला की लगेच बंद. दोनच्या वर नको. "दोन माणसं आहेत ना घरी?"

आहेत तर!

यांनी चावी फिरवली. फुस्स. काटा पाऊणवर. मी खाली धावले — "भाऊजी, नळ उघडा." वर धावले — "किती?" "एक." खाली — "एक झालं." वर येईपर्यंत दोन! खाली — "बंद!" हे परत पाणी सोडतात, परत पाऊण. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या वेळी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसकण मारली. म्हटलं, "मला दम लागलाय. काय करायचं ते करा."

रेडिएटरसुद्धा गुडगुडेना.

मग खालून, भिंतीला उद्देशून — "उघडतोय."

वरून, कपाटाला उद्देशून — "हं."

"किती?"

"एक... सव्वा... थांब. थोडा अजून. दीड! बंद कर, बंद कर!"

"केला! ओरडतोस काय?"

"तुला ऐकू येत नाही म्हणून ओरडतो!"

"मला सगळं ऐकू येतं!"

मी पायरीवर तोंडात पदर कोंबून बसले होते. नऊ वर्षांनी पहिलं बोलणं, तर तेही भांडण! पण घर तासाभरात उबदार झालं.

२१ डिसेंबर, रविवार

काटा परत एकावर. हे स्वतःच जिन्याच्या टोकाशी जाऊन खाकरले. "नळ." "उघडतोय." मला कोणी बोलावलंच नाही.

४ जानेवारी, रविवार

आज पाणी भरून झाल्यावरही आवाज चालूच. कान दिला. सासऱ्यांचा जुना बॉयलर कोण जास्त वेळा पेटवायचं, यावर वाद. पंचवीस मिनिटं! हे जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत उतरले होते.

जेवताना, पानाकडे बघत — "तो फॉर्म. भरला का त्याने?"

"विचारा की."

"मी कशाला विचारू?"

१० जानेवारी, शनिवार

इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. काटा पडतो तो गळतीने नाही. वीस डिसेंबरपासून दर शनिवारी दुपारी न्हाणीतल्या रेडिएटरची चावी मी फिरवते. एक तांब्या पाणी. टपालखात्यात सव्वीस वर्षं काढली, एकाचंही पत्र उघडलं नाही. आणि आता हे!

२२ जानेवारी, गुरुवार

यांनीच मेकॅनिकबाईंना बोलावलं. "प्रेशर सारखं पडतंय, कधीकधी आठवड्यात दोनदा!" बाईंनी दोन तास घालवले. प्रत्येक सांधा कागदाने पुसून पाहिला, कागद कोरडा.

जाताना मला दारात गाठलं. "ताई, यंत्र ठणठणीत आहे. पाणी कोणीतरी काढतंय. काढा, पण सारखं ताजं पाणी आत गेलं की नळ्या गंजतात."

माझे कान गरम झाले. ठरवलं — पुरे. आता चावीला हात लावायचा नाही. बोलायचं असेल तर आपसूक बोलतील, नाहीतर राहिलं.

पण दोनदा? मी तर शनिवारीच काढते.

२५ जानेवारी, रविवार

काल हात लावला नाही. सकाळी कपाट उघडायचा धीर होईना. उघडलं.

पाऊण.

३१ जानेवारी, शनिवार

दुपारी डबा घेऊन खाली गेले. भाऊजी न्हाणीत रेडिएटरपाशी वाकलेले, एका हातात छोटी चावी, दुसऱ्या हातात मग. मला बघून ताठ झाले. अर्धा मग पाण्याने भरला होता.

"गळतंय गं," म्हणाले.

"हो भाऊजी," मी म्हटलं. "तिकडे वरही गळतं."