जास्तीचं वजन

१४ सप्टेंबर

आज सायकल घेतली. माझी मलाच गंमत वाटते आहे. वय एक्केचाळीस, नागोयातला नवरा यासुकी दुसरीकडे नांदायला गेलेला, आणि मी ह्या डोंगरातल्या सावादो गावात येऊन महिना होत नाही तोच दोन्ही चाकांना धक्के झेलणारे शॉक असलेली माउंटन सायकल घेते. यासुकी म्हणायचा, चिहारु, तुला एकटीला साधा चहा प्यायला जायची हिंमत नाही. त्यानं आज मला उतारावर बघायला हवं होतं.

दुकान मिबुसानचं. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, बोलायला गोड माणूस. जंगलातल्या लाकूडतोड्यांच्या जुन्या वाटा ह्यानंच सायकलींसाठी मोकळ्या केल्या. जमीनमालकांच्या दारोदार जाऊन, वाकून वाकून परवानगी मिळवली म्हणे. आता शनिवार-रविवारी तोक्योहून गाड्या भरून लोक येतात, खानावळी चालतात, बंद पडलेली दोन घरं लॉज झाली. गाव त्याच्या नावानं जेवतं म्हटलं तरी चालेल.

सायकल वापरलेली, शेवाळी हिरव्या रंगाची. मालक गाव सोडून गेला, इतकंच म्हणाले. मी शहाण्यासारखी सगळं तपासलं. मागचं चाक उचलून हलवून पाहिलं, सांध्यांत कुठे खडखड नाही. बेअरिंग नवीन, ब्रेक नवीन. फ्रेमला खालून एक पोचा, पण तडा नाही. मागच्या शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडं असतं. ते वर सरकवायचं, हळूच बसायचं, हळूच उतरायचं. कडं जिथे थांबेल तितका शॉक आपल्या वजनानं दबला. पाव भाग दबला की झालं. मिबुसाननी पंपानं हवा भरून माझ्या वजनाला बेतून दिलं आणि माझ्या आडनावानं हाक मारून म्हणाले, उगाजिनसान, आता ही तुमच्या मापाची झाली. फक्त ओनेझावा नाल्याच्या वरची वाट धरू नका, तिकडे कडा कोसळलाय, ती बंद आहे.

त्यांच्या बायकोनं, सानाएसाननी, चहा आणला. कुठली सायकल विकली ते पाहिलं आणि कप ठेवून आत गेल्या त्या परत आल्याच नाहीत. लाजऱ्या असाव्यात.

२१ सप्टेंबर

वृद्धनिवासातलं काम अंगवळणी पडतंय. म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवणं, खांदे फिरवणं, त्यांच्याकडून त्यांच्याच सुनांच्या चहाड्या ऐकणं. सगळ्यात कमी बोलतात तोमिए नागुमो. दिवसभर खिडकीशी. त्यांचा मुलगा ताकुरो दोन वर्षांपूर्वी आईला इथे टाकून होक्काइदोला पळाला, असं गावात कुणालाही विचारा, सांगतील. निवासातल्या आया तर त्याचं नाव म्हणीसारखं वापरतात. कुणाचा मुलगा महिनाभर फिरकला नाही की म्हणायचं, झाला का ह्याचाही ताकुरो.

आज मी सायकलवरून त्या खिडकीखालून गेले. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची कटकट जोरात होते. तोमिएआजींनी मान वर केली आणि म्हणाल्या, आला. आया हसल्या. मीही हसले.

३० सप्टेंबर

मागचा शॉक जास्त दबतोय. हवा भरली, पुन्हा तेच. कडं अर्ध्याच्या खाली. गळत असेल म्हणून मिबुसानकडे नेली. त्यांनी दोन दिवस टांगून ठेवली, हवा जागच्या जागी. मी बसले की मात्र दबते. ते हसून म्हणाले, आमच्या गावचं पाणी मानवलं तुम्हाला, वजन वाढलं. कडं वर सरकवून त्यांनी लगेच हात पुसले.

आज कामावर वजन केलं. किलोभर कमीच झालंय.

७ ऑक्टोबर

दारादारांत पर्सिमनची फळं सोलून वाळत टांगायला लागलेत. हवा इतकी स्वच्छ की लांबचं बर्फ दिसतं. अशा हवेत मी हे लिहिते आहे, म्हणून नीट लिहिते.

सकाळी अंगणात सायकल हँडल धरून उभी केली होती. मी बसलेली नव्हते. मागचा शॉक दबला. एकदम नाही, कुणी पाय टाकून बेतानं बसावं तसा. कडं खाली सरकताना मी पाहिलं. मग चढावर पुढचं चाक उचलायला लागलं. मागे कुणाला डबल सीट घेतलं की उचलतं, तसं.

मागे बसायला जागाच नाही. नुसतं चाक आहे.

१० ऑक्टोबर

तोमिएआजींचा खांदा फिरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सलग बोलल्या.

"पोरी, तो रोज तुझ्या मागं बसून येतो. चाकाचा आवाज त्याचाच आहे, मला कळत नाही होय? तू त्याला उतरवतेस कुठं? वर नाही येत तो."

मी म्हटलं, आजी, मी एकटीच येते. त्या माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघत राहिल्या.

संध्याकाळी मिबुसानना विचारलं, सायकल ताकुरोची का? नाही म्हणाले, तोक्योच्या एका गिऱ्हाइकाची. लगेच, फार लगेच. विकताना तर मालक गाव सोडून गेला म्हणाले होते. परत निघाले तर सानाएसान मागच्या दारानं माझ्यामागे आल्या. हातात कोबीचा गड्डा, कुणी पाहिलं तर देण्याचं निमित्त. म्हणाल्या, ताकुरो नाहीसा झाला त्या दिवशी तो आणि हे बरोबर गेले होते. हे एकटे आले, सायकली दोन घेऊन. त्या रात्री जमीनमालक परवानगीच्या कागदावर सह्या करायला जमणार होते. मला ह्याहून जास्त माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. मी पोलिसांचं नाव काढलं. त्या कोबी माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, सगळं गाव ह्या वाटांवर जेवतंय, तुम्ही कुणाचं ताट ओढणार?

१३ ऑक्टोबर

चौकीत जाऊन ताकुरोबद्दल सांगितलं. हवालदारानं चहा दिला. म्हणाला, मोठा माणूस आहे, जाईल जायचं तिथे. आईला टाकणाऱ्यांची का कमी आहे? मग विचारलं, तुम्ही नव्या ना इथे? एकट्याच राहता ना?

त्याच्या टेबलाशेजारी मिबुसानच्या दुकानातली सायकल टेकवलेली होती.

१६ ऑक्टोबर

नाल्याच्या फाट्यावर सायकल वर वळते. मी हँडल सरळ धरते, ती वळते. आज उतरून ढकलत घरी आणली. ढकलतानाही शॉक दबलेला. पाठीच्या कण्याला गार लागतं, खांद्यांच्या मधोमध. कपाळ टेकवल्यासारखं.

यासुकीला फोन केला. का केला कुणास ठाऊक. त्याची नवी बायको म्हणाली, ते आंघोळीला गेलेत.

१९ ऑक्टोबर, सकाळी

आज सुट्टी. त्या बंद वाटेनं जाते आहे. भीती वाटते, पण त्या खिडकीची लाज जास्त वाटते. फक्त तोमिएआजींना सांगून आले. त्या म्हणाल्या, "घेऊन ये त्याला. त्याच्या चपला मी दाराशी मांडून ठेवते."

पाठपिशवीत भाताचे गोळे, पाणी, ही वही.

१९ ऑक्टोबर, दुपारी

पडले. कडा कुठेच कोसळलेला नाही. वाट चांगली आहे, शेवटच्या वळणापर्यंत. तिथे पाठीवरचं वजन एका बाजूला कललं आणि मी खाली. उजवी मांडी मोडली. हाड वेगळ्याच दिशेला आहे. फोन फुटला.

ताकुरो इथेच आहे. हेल्मेट, जाकीट, एक बूट. बाकीचं पानांत. दुसरा बूट बराच खाली, नाल्याशी. तिथे पडला होता तो. इथपर्यंत सरकत आला. वाट हाताला लागण्याइतकी जवळ —

नंतर

मिबु आले. पायी. मी फाट्याकडे वळताना दुकानातून दिसले असणार. माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्याकडे बघताना दचकले नाहीत.

"हलू नका. खाली जाऊन माणसं घेऊन येतो."

मी विचारलं, "त्यालाही हेच सांगितलं होतंत?"

ते खाली बसले. म्हणाले, "तो बोलत होता. पाय हलत नव्हते, पण बोलत होता. मला वाटलं, सह्या होऊन जाऊ देत, मग लगेच येतो. अपघात कळला असता तर एकानंही सही केली नसती. मग त्यांनी दारू ओतली. मी उठू शकलो नाही. उठलो नाही. सकाळी आलो तेव्हा तो इथवर आला होता."

रडले. मला पाणी पाजलं, जाकीट घातलं. म्हणाले, ह्या वेळी नाही, उगाजिनसान, ह्या वेळी नाही. लवकर पोचायला म्हणून सायकल उचलली. मी ओरडले, ती नको, पायी जा. त्यांना वाटलं, माझा विश्वास नाही. बसले. मागचा शॉक तळाला टेकला. माझ्या पाठीवरचा गारवा गेला.

वळणापलीकडे —

पडल्याचा आवाज. खोल.

नंतर

मिबु खालून हाका मारताहेत. मीही मारते. दोघांच्या हाका दरीतच. खरंच जात होते का ते? ह्या वेळी खरंच —

थांबल्या हाका.

२० ऑक्टोबर

उजाडलं. रात्रीबद्दल लिहीत नाही. कुणीतरी पाठीला पाठ लावून बसलंय. परत आलाय. आईकडे का नाही गेलास, विचारलं. नुसतं वजन.

बोटं वळत नाहीत.

खाली गावातला भोंगा बोलतोय. हवा स्वच्छ आहे, शब्दन् शब्द येतो. माणूस हरवला आहे. मिबु. करडं जाकीट — ते माझ्या अंगावर आहे. दक्षिणेच्या डोंगरधारेवर जातो असं घरी सांगून निघाले. सर्वांनी दक्षिणेच्या धारेवर —

दक्षिणेला नाही. इकडे. इकडे

तोमिएआजी सांगत असतील. आया हसत असतील. शहरातली बाई, गेली असेल पळून. झाला हिचाही —

भोंगा पुन्हा. दुसऱ्यांदा सांगताहेत. ह्या वेळी माझंही नाव घेतील. मिबु, मग करडं जाकीट, मग

आता घेतील. आता